शकूआत्या, तुझ्या पट्टीत

शकुंतला हिच्यावर अन्याय झाला. इयत्ता चौथी, तुकडी ब. गॅदरिंगच्या आधीचा शेवटचा शनिवार, सकाळची शाळा, शेवटचा तास. स्वागतगीताची तालीम चालू होती. गायनाच्या बाईंनी पेटीवरचा हात उचलला, सगळ्या वर्गादेखत तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "शकुंतला, तू मागच्या रांगेत जा. नुसते ओठ हलव. आवाज काढायचा नाही."

बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तू मला तशी शपथ घातली होतीस. शपथ मोडायला माझी काही हरकत नव्हती, ते तुला माहीत आहे. पण तू आता उलट बोलायला नाहीस, आणि समोर माणूस नसताना जिंकलेला वाद मला जिंकल्यासारखा वाटत नाही. म्हणून नाव राहिलं. अन्याय मात्र लिहिला. त्याची शपथ नव्हती.

शकूआत्या, काल रामकुंडावर तुझा दहावा झाला. सायखेड्याहून तुझ्या सासरची माणसं जीप भरून आली होती. श्रद्धांजलीला त्यांच्यातले एक फेटेवाले उभे राहिले आणि म्हणाले, "शकूबाई म्हणजे अबोल बाई. आमच्याकडे नांदल्या तेवढ्या वर्षांत कधी आवाज म्हणून ऐकला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठी स्तुती केल्यासारखा चेहरा करून ते खाली बसले. आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, नाहीतर मी तिथेच उठले असते. घरी आल्यावर तिने हात सोडला आणि म्हणाली, "तिथे बोलली असतीस तर तमाशा झाला असता. आता लिही. तुला तेच येतं."

तेव्हा लिहिते. तू अबोल नव्हतीस. तुला गप्प केलं होतं. या दोन गोष्टींत जेवढं अंतर आहे तेवढ्यात तुझं अर्धं आयुष्य गेलं.

लहानपणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की आमची आत्या कशातच गात नाही. मामा, म्हणजे तुझे मालक, गेल्यावर तू सायखेड्याहून परत आलीस, गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आपला मळा आहे तिथे दोन खोल्या बांधून राहिलीस आणि शेवंती लावलीस. तो काळ टीव्हीवर गाण्याच्या भेंड्यांचा होता. लाइट गेली की आपल्या ओट्यावर भेंड्या सुरू व्हायच्या. दोन गट पडायचे, आई एकीकडे, पप्पा दुसरीकडे. तू कायम पंच. "शकू, तू आमच्याकडे ये," असं पप्पा म्हणाले की तू म्हणायचीस, "मग चिटिंग कोण पकडंल?" आणि खरंच, तुला सगळी गाणी पाठ होती. कोणी मधला शब्द चुकवला की तू लगेच अडवायचीस. पण तो बरोबर शब्दसुद्धा बोलून सांगायचीस, भाजीचं नाव सांगितल्यासारखा.

मला झोपवायची पाळी तुझ्यावर आली की तू अंगाई म्हणायची नाहीस. पाठीवर थोपटत फुलांची नावं सांगायचीस. शेवंती, झेंडू, निशिगंध, अॅस्टर, मोगरा, परत शेवंती. मला वाटायचं सगळ्यांच्या आत्या अशाच झोपवतात. आजही मला झोप येत नाही तेव्हा मी निशिगंधापर्यंत जाते.

आणि तुझा आवाज! तो काय लपण्यासारखा होता? घरी फोन यायचा तेव्हाची गंमत आठव. तू उचललास की पलीकडचा माणूस म्हणायचा, "काका, घरात कोणी बाईमाणूस असेल तर द्या ना." तू म्हणायचीस, "मीच हाय ते बाईमाणूस, बोला." फुलबाजारात तू टोपलीमागे उभी राहून "शेवंतीऽ" म्हणालीस की पलीकडच्या ओळीतला माणूस मान वळवायचा. जाड, खोल, घट्ट आवाज. गिऱ्हाइकाला बोलवायला चालायचा. गाण्याला चालायचा नाही, कारण गाणं हे बारीक आवाजात म्हणायचं असतं असं तुझ्या डोक्यात त्या शनिवारी बसलं होतं. आरतीला तू टाळ्या वाजवायचीस आणि ओठ हलवायचीस. मी तुझ्या कडेवर बसून आरत्या ऐकल्या आहेत. माझा कान तुझ्या तोंडापाशी असायचा. तिथून काहीच यायचं नाही.

मग ते मशीन आलं.

गंगापूर रोडवर एका कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये तुषारचा सायबर कॅफे होता. घरोघरी कॉम्प्युटर आले तसा तो ओस पडायला लागला, म्हणून त्याने अर्ध्या जागेत व्हिडिओ गेम मांडले. त्याच्या मावसभावाने बाहेरदेशातून त्याला हिंदी सिनेमातल्या गाण्यांचा एक गेम आणून दिला होता. टीव्हीच्या पडद्यावर गाणं लागायचं, खाली शब्द सरकायचे, आणि शब्दांच्या वर आडव्या रेघा यायच्या, काही उंच, काही खाली. आपण माइकमध्ये म्हणायचं. सूर बरोबर लागला तर रेघ रंगायची. चुकला तर आपला रंग रेघ सोडून भलतीकडेच जायचा. ओळ संपली की मशीन इंग्रजीत शेरा मारायचं आणि गाणं संपलं की मार्क द्यायचं.

तू रोज सकाळी तुषारच्या देवाच्या फोटोला हार पोचवायचीस. एक दिवस कॉलेजची पोरं तिथे ओरडत होती आणि तू हार हातात घेऊन तशीच उभी राहिलीस. हे तुषारनेच मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "काकू, ट्राय मारा ना. एक हार, एक गाणं."

"मला नाय येत."

"येत नाही त्यांच्यासाठीच आहे हे. ज्यांना येतं ते कशाला बेसमेंटमध्ये येतील?"

संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस. मी बस पासच्या दरवाढीविरुद्ध आमच्या संघटनेचं पत्रक लिहीत होते. तू मला नावाने हाक मारणं केव्हाच सोडलं होतंस.

"ए मोर्चा. उद्या माझ्यासंगं चल. एका ठिकाणी मार्क मिळत्यात."

"कसले मार्क?"

"गाण्याचे. मशीन देतं. त्याला दिसत नाय कोण म्हणतंय ते. बाई का बुवा, काळी का गोरी, काय नाय. नुसतं ऐकतं." मग तू माझ्या पत्रकावरची पेनं सरकवून खाली बसलीस आणि मला तो शनिवार सांगितलास. पहिल्यांदा. इतक्या वर्षांत पप्पांनासुद्धा माहीत नव्हता. सांगून झाल्यावर म्हणालीस, "बाई खरं बोलल्या का खोटं, तेवढं मला एकदा कळू दे. मंग मी गप बसंन. पण कळून गप बसंन."

मला राग आला होता, बाईंचा. तुला राग नव्हता. तुला निकाल पाहिजे होता.

पहिल्या दिवसाचा निकाल मी कसा विसरेन? तू पदर खोचलास, माइक दोन्ही हातांनी धरलास, जसा काही तो उडून जाणार होता. तुषारने हिरॉइनचं गाणं लावलं. तू तोंड उघडलंस आणि तुझ्यातून एक असा आवाज आला जो मी कधीच ऐकला नव्हता. बारीक, चिरका, दाराच्या फटीतून आल्यासारखा. रेघा पडद्याच्या वरच्या अंगाला होत्या आणि तुझा रंग खाली, वर, मध्येच गायब. ओळ संपली. शेरा आला.

"काय म्हनलं?"

"आत्या, जाऊ दे."

"काय म्हनलं ते सांग ना."

"भयंकर, असं म्हणालं."

तू मान हलवलीस. "बरंय. बाई एवढं बी बोलल्या नव्हत्या. पुढची लाव."

मार्क इतके कमी होते की तुषारने पटकन पडदा बदलला. पण तू पाहिले होतेस. मळ्याच्या फाट्यावर रिक्षातून उतरताना तू एवढंच म्हणालीस, "मशीन बी बाईंच्याच बाजूचं दिसतंय."

मला वाटलं संपलं. तू दुसऱ्या दिवशी हार घेऊन परत गेलीस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. उन्हाळा गेला, पाऊस आला, तू जात राहिलीस. पोरं तुला ओळखायला लागली. त्यांच्यातला एक टगा म्हणायचा, "काकू आल्या रे, कानात बोटं घाला," आणि तू म्हणायचीस, "घाल, घाल, नायतरी तुझ्या आईचं कुठं ऐकतोस." पोरं हसायची. मग तू उभी राहायचीस आणि तो चिरका आवाज काढायचीस आणि कोणी हसायचं नाही, कारण ते बघवायचं नाही. मानेच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले. घसा दुखायला लागला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचीस आणि वर आईला सांगायचीस, "वहिनी, हवा बदलली ना." आईला सगळं कळत होतं. ती गुपचूप ज्येष्ठमध आणून तुझ्या खिडकीत ठेवायची.

इथेच आपला वाद सुरू झाला, आणि तो संपलाच नाही.

मी म्हणाले, "आत्या, हा सूर ठरवला कोणी? कुठल्यातरी परदेशी कंपनीने? त्यांनी रेघ काढायची आणि तू तिच्यावर चालायचं? का म्हणून? फेकून दे तो माइक. तू जे म्हणशील तेच गाणं."

तू शेवंती खुडत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "येत नाय म्हणून सोडलं आणि येत असून सोडलं, यात फरक हाय का नाय?"

"आहे. पण..."

"मंग आधी येऊ दे. सोडायचं बघू मागून."

"म्हणजे तुला त्यांचंच सर्टिफिकेट हवंय."

"मला सूर हवाय. सर्टिफिकेट तू घे, मोर्च्यात लाव."

मी चिडून निघून गेले. मला वाटत होतं की ज्या फूटपट्टीने तुला मारलं त्याच फूटपट्टीने तू स्वतःला मोजते आहेस. अजूनही मला ते थोडं खरं वाटतं. पण फूटपट्टी मोडायला निघालेल्या माझ्या हातात काही नव्हतं, आणि तू रोज जाऊन उभी राहात होतीस. हेही खरं.

मग गौरी-गणपती आले. तुला ठाऊक आहे त्या दिवसांत फुलबाजार कसा असतो. गौरीच्या आदल्या दिवशी शेवंतीला पाय ठेवायला जागा नसते आणि जो ओरडत नाही त्याचा माल पडून राहतो. तू ओरडलीस. माल सगळा गेला आणि आवाजही. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी तू हार घेऊन निघालीस तेव्हा तुझ्या गळ्यातून नुसता घोगरा, खोल खर्ज येत होता. मी म्हणाले, "आज तरी नको." तू हातानेच सांगितलंस, चल.

तुषारने गाणं लावलं, तेच हिरॉइनचं. पहिली ओळ आली. तो चिरका आवाज काढायला तू तोंड उघडलंस आणि काहीच आलं नाही, नुसती हवा. तू माइक खाली ठेवशील असं मला वाटलं. पण गाणं पुढे चाललं होतं आणि शब्द तुला पाठ होते. तू डोळे उघडलेस, खांदे पाडलेस आणि जो काही आवाज शिल्लक होता त्यातच म्हणायला लागलीस. बाजारातल्या आवाजात. फोनवर काका म्हणवून घेणाऱ्या आवाजात. हिरॉइन वर आकाशात होती, तू खाली जमिनीवर चालत होतीस, तिच्या बरोबरीने, पावलाला पाऊल लावून.

आणि रेघ रंगली.

पूर्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरी. मग तिसरी. ओळ संपली, शेरा आला आणि मी तो वाचायलाच विसरले.

"काय म्हनलं?" तू मध्येच घोगऱ्या आवाजात विचारलंस.

"छान म्हणालं! आत्या, गात राहा!"

गाणं संपलं. मार्क आले. तुषार खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "काकू, एक मिनिट. हँग झालंय बहुतेक."

त्याने वायर काढली, फुंकली, परत लावली. दुसरा माइक दिला. तू परत म्हणालीस. परत तेच. मग तो टगा पुढे आला, "आण इकडे, मी बघतो," म्हणाला, त्याच माइकवर तेच गाणं म्हणाला आणि निम्म्या रेघा कोऱ्या राहिल्या. मशीन ठणठणीत होतं. तुषारने कॉम्प्युटरवर शोधलं, वाचलं, डोकं खाजवलं आणि आम्हाला सांगितलं: या गेमला वरचं-खालचं कळत नाही. सूर तोच असला की झालं. वरच्या सप्तकात लावा नाहीतर खालच्या, सा तो सा.

"म्हंजे?" तू विचारलंस.

"म्हणजे काकू, तुम्ही आधी उगाच शिडीवर चढत होतात. गाणं खालूनही जातं."

त्या पोरांनी जो दंगा केला तो वर रस्त्यावर ऐकू गेला असेल. टग्याने तुझे पाय धरले, नाटकच होतं, पण धरले. तू म्हणालीस, "ऊठ, आणि आता बोटं घालायची का कानात?" मग तुषारकडे वळलीस. "पुन्हा लाव."

परत जाताना तू रिक्षा करू दिली नाहीस. गंगापूर रोडने आपण चालत निघालो. दोन्ही बाजूंना नव्या इमारती, मधून वाहनं, आणि तू मध्येच थांबलीस.

"म्हंजे बाई चुकल्या."

"चुकल्याच."

"बाई चुकल्या गं!" आणि तू हसायला लागलीस, त्या बसलेल्या घशाने, पोट धरून. एका बंगल्याच्या फाटकातून कुत्रं भुंकायला लागलं. "त्यांची पेटी वर होती, मी खाली होते. एवढंच होतं, मोर्चा. एवढंच!"

एवढंच. शाळेत मुली म्हटल्या की पेटी ठरलेल्या उंच पट्टीत लागायची. पट्टी म्हणजे गाणं जिथून सुरू करायचं तो सूर. तो तुझ्यासाठी उंच होता, बस. दोन काळ्या पट्ट्या खाली सरकायला बाईंना हात उचलावा लागला असता. त्यांनी तो उचलला, पण तुझ्याकडे बोट करायला.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता: "बेसूर कोण?" शाळेने लेखी माफी मागावी, प्रत्येक मुलाची पट्टी तपासावी, कोणालाही मागच्या रांगेत मुकं उभं करू नये. छापून गठ्ठा घरी आणला. तू वाचलंस, शब्द न् शब्द, आणि म्हणालीस, "मस्त लिव्हलंय. बाईंचं नाव काढ." नाव काढलेलं पत्रक परत छापलं. मी ते शाळेच्या दारात वाटणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा गायब. तू तो बाजारात नेला होतास आणि गजरे त्यात बांधून देत होतीस.

मी भांडले. तू म्हणालीस, "शाळेच्या दारात वाटलं असतंस तर लोकांनी रस्त्यावर टाकलं असतं. गजरा कोण टाकतं? घरात जातोय तुझा कागद, बायकांच्या हातात. आणि गजरा सोडताना वाचत्यातच."

वाचत होत्याच. दुसऱ्या आठवड्यात एक बाई टोपलीशी आली, गजरा घेतला आणि हळूच म्हणाली, "मलासुद्धा मागच्या रांगेत उभं केलं होतं." नंतर आणखी एक. मी त्यानंतर जेवढी पत्रकं काढली ती निम्मी तुझ्या टोपलीतून गेली आहेत, आमच्या संघटनेला हे माहीतही नाही.

आणि मग अष्टमी. त्या फेटेवाल्यांना मला हीच सांगायची होती.

आपल्या मळ्यासमोरच्या सोसायटीत नवरात्राचा मांडव असतो. देवीचा हार तुझा, वर्षानुवर्षं तुझा. हार घालून झाला की तू मागे सरकून टाळ्या वाजवत उभी राहायचीस. पेटीवर जोशीकाका, बँकेतून रिटायर झालेले, आणि त्यांची पट्टी कायमची ठरलेली, उंच. पहिल्या कडव्यानंतर निम्मी माणसं गळायची. पुरुष तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, पोरं किंचाळायची, शेवटपर्यंत पोचायच्या त्या फक्त क्लास लावलेल्या दोन मुली.

त्या संध्याकाळी तू हार घातलास आणि मागे सरकली नाहीस. जोशीकाकांनी पेटीचा भाता ओढायच्या आत तू आरती सुरू केलीस. तुझ्या आवाजात. खाली.

जोशीकाकांनी तुझा सूर पेटीवर शोधला, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "शकूताई, ही पट्टी फार खालची आहे. सगळे रोज वरून म्हणतात."

तू आरती थांबवून त्यांच्याकडे पाहिलंस. "मग आज या की खाली."

कोणीतरी हसलं. जोशीकाका हसले नाहीत. पण पेटीवर त्यांचा हात सरकला. डावीकडे. आत्या, मी तो हात सरकताना पाहिला. एवढा साधा हात, एवढंसं सरकणं. तू परत पहिल्या ओळीपासून सुरू केलंस आणि या वेळी पेटी तुझ्याखाली आली, घराखाली जोतं यावं तशी. मग मागून एक जाड आवाज मिसळला. वॉचमन होता. मग दुसरा. ज्यांनी आजवर नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे पुरुष एकेक करून आत आले. माझे पप्पा! मी पप्पांना आरती म्हणताना तोवर ऐकलंच नव्हतं. त्या दोन मुलींना खाली जमेना तर त्या आपल्या वरच्या सप्तकात गेल्या आणि तरीही सगळं एकच लागत होतं. सा तो सा. शेवटच्या कडव्याला मांडवात एक माणूस गप्प नव्हता. समोरच्या रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघत होते.

आणि तू मध्ये उभी, ताटातल्या दिव्याच्या उजेडात, आवाज काढत. नुसता काढत नव्हतीस, सोडत होतीस, पाट फोडल्यावर पाणी सुटतं तसा.

त्यानंतर जोशीकाका दोन दिवस रुसले होते. कोजागिरीला स्वतः आपल्या ओट्यावर आले. "शकूताई, आज तुमची पट्टी की माझी?" तू म्हणालीस, "पहिली तुमची, मंग माझी. दूध आटलं की कळंल कोणाकडं किती माणसं." त्याही दिवशी तुझ्याकडेच जास्त होती. बेसमेंटमधल्या मशीनला तू नंतर गेलीच नाहीस. हार पाठवत राहिलीस, पण माइक धरला नाहीस. तुषारने विचारलं तर म्हणालीस, "निकाल लागला ना. लागल्यावर कोण परीक्षेला बसतं?"

आपला वाद मात्र राहिला. मी म्हणायची, बाईंनी माफी मागितली पाहिजे. तू म्हणायचीस, "बाईंना तरी कोणी दुसरी पट्टी शिकवली व्हती? त्या बी कुणाच्यातरी पेटीखाली वाढल्या." मी म्हणायची, अशी सूट दिली की प्रत्येक जुलूम कोणाच्यातरी आईबापावर ढकलता येतो. तू म्हणायचीस, "तुझं बरोबर हाय. माझं बी बरोबर हाय. चहा टाक." मी चहा टाकायची. आत्या, मी अजूनही मान्य केलेलं नाही. तू परत आलीस तर इथूनच पुढे चालू करू.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. तुला आठवतं, कलेक्टर कचेरीवरच्या मोर्च्यात घोषणा देताना माझा आवाज फाटायचा? दुसऱ्या घोषणेला चिरका, तिसरीला बंद. तू एकदा फुलं घेऊन त्या रस्त्याने जाताना ऐकलंस आणि घरी आल्यावर म्हणालीस, "लय वरून ओरडतीस. खालून बोल. गिऱ्हाईक बोलवल्यासारखं बोल." मी तेव्हा तोंड वाकडं केलं. पुढच्या मोर्च्यात करून पाहिलं. आत्या, ते चाललं. घोषणा शेवटच्या रांगेपर्यंत पोचली आणि मागून उत्तर आलं ते सगळ्यांचं, नुसतं पहिल्या चौघींचं नाही. आता मी अशीच देते. आमच्यातल्या बाकीच्या मुलींनाही तशीच शिकवली. तुला हे सांगायचं होतं आणि मी म्हटलं, सांगू निवांत, दिवाळीत.

सकाळी शेवंतीत आई आता एकटी जाते. तू खुडताना म्हणायचीस ते सगळं ती म्हणायला बघते, शब्द विसरते, थांबते, आणि शिव्या घालते, तुला. "हिला पंच करून ठेवलं होतं, आता चूक कोण सांगणार," म्हणते. मग पदराने नाक पुसते आणि परत सुरू करते. तुझ्याच पट्टीत. मी खिडकीतून ऐकते. मला रडू येतं आणि त्याच वेळी आवाज मोठा करून साऱ्या गंगापूर रोडला सांगावंसं वाटतं की ही आमची शकू. जिंकलेली. उशिरा, पण पुरती जिंकलेली.

आता हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलते. तुमच्या घरात एक माणूस आहे. आरतीला ते टाळ्या वाजवतं आणि ओठ हलवतं. तुम्हाला ते कोण, हे माहीत आहे. वाचता वाचता चेहरासुद्धा आला असेल डोळ्यांसमोर. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर तबक त्यांच्या हातात द्या. कुठल्या सुरात, किती खाली, किती घोगरं, काही विचारू नका. पहिली ओळ त्यांची. आणि ती येईपर्यंत, कितीही वेळ लागो, तुम्ही तोंड उघडायचं नाही.